नवलच्या नावाची मूठ

तालुक्याच्या कचेरीतून गुरुवारी जो कागद आला त्यात असं लिहिलं होतं की, सोमवारी इंग्रजी नवं वर्ष, सन एकोणीसशे पंचेचाळीस, सुरू होत आहे. तरी गावोगावच्या पोलीस पाटलांनी त्या दिवशी सकाळी आठ वाजता गावकऱ्यांना एकत्र करून, ज्याच्या त्याच्या रिवाजाप्रमाणे, सर्व जगात शांतता नांदावी म्हणून प्रार्थना करवावी आणि किती लोक हजर होते तो आकडा कळवावा.

सुपडू पाटलाने घराच्या ओट्यावर बसून कागद दोनदा वाचला आणि जान्या जागल्याला हाक मारली.

"जाय, मास्तरले दाखाड. म्हना, प्रार्थनामा काय म्हनानं ते लिखी दे."

मास्तर म्हणजे सुपडूचा थोरला भाऊ छगन. तो त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, चार हातांवर बसला होता, आणि त्याने सगळं ऐकलं होतं. जान्या उठला, चार हात चालत गेला आणि कागद छगनच्या हाती देऊन म्हणाला, "पाटील म्हनतस, प्रार्थनामा काय म्हनानं ते लिखी दे."

"लिखसू म्हना."

जान्या चार हात परत आला. "लिखसू म्हनतस."

अडीच वर्षं हे असं चाललं होतं. दोघा भावांच्या घरात मधोमध भिंत उभी राहिली होती. ओटा मात्र एकच राहिला, कारण तो वाटायचा तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं. जान्याने निरोपात कधी आपलं अक्षर घातलं नाही. शिव्या असल्या तर तेवढ्या तो गाळत असे. त्या दोघांनाही आधीच ऐकू आलेल्या असत.

भांडण नवलवरून झालं होतं. नवल सुपडूचा थोरला मुलगा. खांडबाऱ्याला लाकडाच्या ठेकेदाराकडे तो मोटार हाकायला शिकला, आणि लढाई सुरू झाल्यावर सरकारला मोटार हाकणारी माणसं हवी आहेत असं ऐकून आला. सुपडूने नाही म्हणून सांगितलं. मग नवल भिंतीपलीकडे, म्हणजे तेव्हा भिंत नव्हती, काकाकडे गेला. छगनने भरतीचा कागद स्वच्छ अक्षरात भरून दिला आणि वर सांगितलं की मोटार हाकणारा माणूस लढाईत मागे असतो, त्याला धोका नाही. हे त्याने कुठंतरी वाचलं होतं. पुढे नवल होता ते सिंगापूर पडलं, आणि उन्हाळ्यात इंग्रजीतली तार आली. नंदुरबारच्या स्टेशन मास्तरने ती वाचून सांगितली: बेपत्ता. त्यानंतर छगनने आपली ट्रंक उपसून सगळी जुनी वर्तमानपत्रं चाळली. मोटार हाकणारा मागे असतो, हे वाक्य त्याला कुठंच सापडलं नाही. आपण ते वाचलंच नव्हतं की काय, अशी शंका त्याला येऊ लागली, आणि ती आली की मग तो दिवसभर काही वाचू शकत नसे.

प्रार्थना लिहायला त्याने गुरुवार आणि शुक्रवार घेतले. चाळीस वर्षं लोकल बोर्डाच्या शाळेत त्याने मुलांना निबंध लिहायला लावले होते, पण देवाला सरकारतर्फे पत्र कसं लिहावं, याचा नमुना त्याच्याजवळ नव्हता. "हे दयाळा" असं त्याने लिहिलं. जो दयाळू आहे त्याला पाच वर्षं हे दिसलं नाही का, असं मनात आलं, म्हणून ते खोडलं. मग "हे सर्वसाक्षी" लिहिलं. त्यात तर तक्रारच होती. तेही खोडलं.

"दोन रोज व्हयनात," त्याची बायको जमनाबाई म्हणाली. "दोन ओळी नही व्हयनात."

"शब्द बराबर पडत नही."

"देवले शब्द कसाले लागतस? गावमा काय बोली ऱ्हायनात, माहीत शे का तुमले? म्हनतस, पाटीलना घरमा दोन भाऊ बोलतस नही, नि जगनी शांतता मांगी ऱ्हायनात." ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "कागदमा लिखेल शे ना, जो त्यान्हा रिवाज? आपला रिवाज काय शे? रोट करा."

छगनने टाक खाली ठेवला. रोट म्हटल्यावर त्या घरात कोणीच लगेच काही बोललं नसतं.

कुळाचा रोट म्हणजे साधी गोष्ट होती. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, घरातच दळायचे, त्याच्या जाड भाकरी करून देवीला दाखवायच्या आणि एका पंगतीत बसून खायच्या. घरची थोरली बाई एकेकाचं नाव घेते; ज्याचं नाव घेतलं तो "शे", म्हणजे आहे, असं म्हणतो; मग त्याची मूठ परातीत पडते. कोणी परगावी असला तर त्याच्या वतीने बाप "शे" म्हणतो, बाप नसला तर थोरला भाऊ. अबोला असलेले दोघे एका रोटाला बसू शकत नाहीत. म्हणून अडीच वर्षं ह्या घरात रोट झाला नव्हता.

जातीतले पंच ह्या मुठीला कागदापेक्षा जास्त मानत. कोणाची बायको पाट लावू मागत असली, आणि नवरा कुठं गेला ते कळत नसलं, तर पंच एवढंच विचारत की सासरी रोटात त्याची मूठ पडते का. पडत असली तर तो जिवंत. मग बायकोने बसून राहावं. पडत नसली तर ती मोकळी.

दिवाळीनंतर नवलच्या बायकोचा, सुंदरचा बाप खांडबाऱ्याकडून आला होता. सुपडूकडे जेवला, सुपडूशी पावसापाण्याचं बोलला, आणि जाताना वाटेत छगनला गाठून म्हणाला, "मास्तर, तुमी शिकेल मानूस. आम्हना गावमा एक चांगला मानूस इचारी ऱ्हायना, पहिली बायको वारेल शे त्यानी. मी संक्रांतले पोरले लेवाले येसू. तुमना रोटमा मूठ पडनी तरी माले कळाडा, नही पडनी तरी कळाडा. पन कळाडा."

छगनने हो म्हटलं होतं. घरी आल्यावर त्याला बरं वाटलं की रोट होणारच नाही. भांडणाचा एवढा एक उपयोग होता: ते चालू होतं तोवर कोणाला मोजावं लागत नव्हतं.

जमनाबाई मात्र शुक्रवारी संध्याकाळी भिंतीजवळ गेली. बायकांचा अबोला नव्हता. भिंतीतली एक वीट त्यांनी पहिल्याच महिन्यात काढून ठेवली होती. पलीकडून सुपडूच्या बायकोचा, धनुबाईचा आवाज आला. बराच वेळ कुजबुज चालली. शनिवारी सकाळी जान्या चार हात चालत आला.

"पाटील म्हनतस, रोट करा. गावनं तोंड बंद व्हई."

"बरं म्हना," छगन म्हणाला. मग त्याला वाटलं, काहीतरी आणखी म्हणायला हवं. पण जान्या तोवर परत पोचला होता.

रविवारी दुपारी, सोमवारच्या पंगतीसाठी मुठी काढायला, सगळे छगनच्या बाजूच्या मोठ्या खोलीत जमले. भाऊबंदकीतले सहा पुरुष गोधडीवर वयाने ओळीत बसले: छगन, सुपडू, चुलत भाऊ भिला, त्याच्या खालचा झिपरू, आणि भिलाचे दोन मुलगे दगा नि चिंधा. झिपरू आणि दगा यांच्यामध्ये दगाने थोडी जागा सोडली होती. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं. जान्या दाराबाहेर उन्हाला बसला. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी सुंदर जातं झाडून, पदर ओढून दळायच्या तयारीने बसली होती. एकवीस वर्षांची होती ती, आणि ह्या घरात नांदायला आल्यावर आठ महिन्यांनी नवल गेला होता.

जमनाबाईसमोर गव्हाचं पोतं आणि परात. नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

"मास्तर."

"शे," छगन म्हणाला. मूठ पडली, मग पाव मूठ. पाव मुठीचं माप जमनाबाईच्या बोटांतच होतं.

"सुपडू भाऊ."

"शे."

"भिला."

"शे."

"झिपरू."

झिपरूला कमी ऐकू येत असे. भिलाने त्याला कोपराने ढोसलं. "शे, शे," झिपरू म्हणाला, आणि एकदाच म्हणायचं असतं की काय, म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहू लागला.

जमनाबाईने पोत्यात हात घातला, मूठ भरली.

"नवल."

सुपडू परातीतल्या गव्हाकडे पाहत होता. छगनला भावाच्या मानेची शीर दिसत होती. बाहेर जान्या खोकला.

"म्हना ना," धनुबाई म्हणाली.

"दम धर."

"एक अक्षर शे. पोटना आंडोरनं म्हनानं शे, कोनी परक्यानं नही."

"दम धर म्हनं ना."

"तीन साल दमच धरेल शे मी."

जमनाबाई मूठ परातीवर धरून बसली होती. आणि छगनला एकदम असं वाटलं की ही मूठ पडली नाही, तर आपणच त्या पोराला मारलं, हे आज दुपारी ठरून जाईल.

"शे," तो म्हणाला.

सुपडूने मान वळवली. अडीच वर्षांत पहिल्यांदा त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू कोन रे म्हननारा? तुन्हा आंडोर शे का तो?"

सवयीने जान्या निरोप न्यायला उठून दारात आला. मग निरोप आधीच पोचला आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो परत जाऊन उन्हात बसला.

"मी मोठा शे," छगन म्हणाला.

"मोठा शे! कागद भरी दिन्हा तव्हय कोठे गयथा मोठपना? मोटारवाला मांगे ऱ्हास म्हने. कोन सांगं व्हतं तुले?"

"वाचेल व्हतं."

"कोठे?"

"सापडनं नही."

"सापडनं नही," सुपडू भिलाला म्हणाला, जणू भिला साक्षीदार होता. "शिकेल मानूस शे. त्याले सापडनं नही."

ह्या घटकेसाठी छगनने अडीच वर्षांत पुष्कळ वाक्यं तयार केली होती. त्यातली दोन-तीन चांगली होती. आता त्याला एकही आठवेना.

"मोठी माय," आतून सुंदरचा आवाज आला. सासऱ्यांसमोर ती बोलत नसे; बोलायचं ते जमनाबाईला उद्देशून. ती जात्याच्या खुंट्याकडे पाहत म्हणाली, "त्यास्ले म्हना, शे म्हना नहीतर नही म्हना. पन आज म्हना. पीठ दळानं शे."

धनुबाई तिच्याकडे वळली. "तुले कसानी घाई शे वं?"

"माले घाई नही. मी कव्हय काही म्हनं का? दर येळे घरमा म्हनतस, पुढे देखू. पुढे देखाले मीच बठेल शे ना. कोनी दुसरं बठेल शे का?"

"बापनी शिकाडेल शे तुले."

"बाप मन्हासंगे ह्या गोटवर बोलना बी नही," सुंदर म्हणाली. "तो बी दुसरासलेच सांगी ग्या."

यावर भिला खाली पाहू लागला. सुंदरचा बाप त्यालाही वाटेत गाठून गेला असावा.

"मन्ही मूठ दुखी ऱ्हायनी," जमनाबाई म्हणाली. तिच्या बोटांच्या फटींतून दोन-चार दाणे परातीत पडले होते. धनुबाईने ते पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. ते मोजायचे की नाहीत, हे कोणाला विचारावं असा प्रश्न झिपरूच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. पण तो झिपरू असल्याने कोणी लक्ष दिलं नाही.

छगन सुंदरच्या हातांकडे पाहत होता. उजवा हात जात्याच्या खुंट्यावर होता. मघाशी आपण "शे" म्हणालो ते कोणासाठी, असा विचार त्याच्या मनात आला. नवलसाठी नव्हे, नवल असला तर असेल, नसला तर नसेल, त्याला ह्या मुठीचं काही कळणार नव्हतं. सुपडूसाठीही नव्हे. ही पोर अशीच जात्याशी म्हातारी होईल, आणि दर रोटाला आपण "शे" म्हणू, आणि त्या रात्री आपल्याला झोप लागेल. त्याने आयुष्यात पुष्कळ गोष्टींबद्दल शंका घेतल्या होत्या. ह्या एकीबद्दल त्याला शंका आली नाही, आणि हेच त्याला फार विचित्र वाटलं.

तो उठून उभा राहिला. रोटाच्या वेळी उभं राहायचं नसतं.

"नही," तो म्हणाला.

"काय नही?" सुपडूने विचारलं.

"नवल नही. मरना असं म्हनत नही मी. माले माहीत नही. तो आठे नही, इतलंच." त्याचा आवाज वर्गात हजेरी घेताना असे तसा आला, दुसरा त्याच्याजवळ नव्हता. "तू म्हनू नको. तू बाप शे. कागद मी भरा, हाई बी मीच म्हनस. पंच इचारतीन तं मन्हं नाव सांगजो."

धनुबाई उठली आणि परसात निघून गेली. ती रडत असावी असं वाटलं, पण आवाज आला नाही; नंतर गोवऱ्या रचल्याचा आवाज आला.

जमनाबाईने हात परातीवरून बाजूला नेला आणि पोत्यावर मूठ उघडली. मग परातीत आधी पडलेले ते दोन-चार दाणे तिने एकेक करून वेचले आणि तेही पोत्यात टाकले. "एक गोट ऐका," ती कोणाकडेही न पाहता म्हणाली. "बांगड्या कोनी फोडाच्या नहीत. मयत कोनी देखेल नही. ती शे तशी जाई." मग तिने नवी मूठ भरली. "दगा."

"शे," दगा म्हणाला.

"चिंधा."

"शे."

छगन अजून उभाच होता. आता बसावं तर कुठं, हे त्याला कळेना. ती आपली जागा राहिली आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती. सुपडूने गोधडीचा कोपरा सरळ केला.

"बठ," तो म्हणाला.

छगन बसला. आतून जात्याची घरघर सुरू झाली.

सोमवारी आठ वाजता मारुतीच्या पारासमोर अडतीस माणसं जमली. तालुक्याहून कोणी आलं नाही. थंडी होती, म्हणून लोक उन्हाच्या बाजूला सरकत होते आणि प्रार्थनेची रांग वाकडी होत होती. छगनने शेवटी चारच ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यांत देवाला कुठल्याही नावाने हाक मारली नव्हती. सुपडूने कागद हातात घेतला.

"पाटील," एका म्हाताऱ्याने विचारलं, "इंग्रज जिकाले पाहिजे असं म्हनानं का?"

"नही. नुसती शांतता."

"कोन्ही?"

"सगळास्नी."

"जपानवालास्नी बी?"

सुपडूने कचेरीचा कागद खिशातून काढला आणि उन्हात धरून पाहिला. सर्व जगात, असंच लिहिलं होतं. त्याने तो घडी करून परत ठेवला.

"त्यास्नी बी," तो म्हणाला, आणि चार ओळी वाचल्या. लोकांनी हात जोडले. मागे एका बाईचं मूल रडत होतं. ते प्रार्थना संपल्यावरही रडत राहिलं.

दुपारी पंगतीत सहा रोट होते. धनुबाईने तूप वाढलं, सगळ्यांना सारखं. ती कालपासून कोणाशी बोलली नव्हती. जेवण झाल्यावर छगन दौत आणि कागद घेऊन ओट्यावर बसला. सुपडू आपल्या टोकावरून उठला आणि त्याच्याजवळ येऊन बसला. जान्याने हे पाहिलं आणि तो घरी गेला.

"काय लिखू?" छगनने विचारलं.

"जे व्हयनं ते लिख."

छगनने सुंदरच्या बापाला लिहिलं की काल आमच्या घरी रोटाचे गहू काढले, त्यात चिरंजीव नवल याच्या नावाची मूठ पडली नाही. तो वाक्य खोडायला थांबला. खोडण्यासारखं त्यात काही सापडलं नाही.

"कव्हय ये म्हनू?"

भिंतीच्या पलीकडून, विटेच्या भोकातून, धनुबाईचा आवाज आला.

"हरभरा निंघू दे म्हना. इतला दिन काढात, दोन महिना आखो ऱ्हाई."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ती हे मागत होती, आणि मागायची सवय नसलेल्या माणसासारखं मागत होती. छगनने टाक उचलून धरला. हरभऱ्याला फुलं येत होती. दोन महिने तर सहज जातील, असं त्याच्या मनात आलं, आणि सुपडूच्याही आलं असावं, कारण त्याने मान हलवली.

सुंदर ताटं घेऊन ओट्यावरून चालली होती. ती थांबली. जमनाबाई आत होती, तिला ऐकू गेलं नसतं.

"नही," सुंदर म्हणाली. पदर होता तिथंच होता, पण ती छगनच्या तोंडाकडे पाहत होती. "संक्रांतलेच लिखा, मामा."

छगनने संक्रांत लिहिलं.